साथीचा पट आणि शिवेबाहेरचा माणूस

साथरोगांचे शास्त्र खेळातून शिकविता येते काय, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ते शिकविता येते. पुठ्ठ्याच्या पटावर, संगणकाच्या पडद्यावर आणि हातातल्या फोनवर साथीचे खेळ गेली कित्येक वर्षे खेळले जात आहेत. २०२० नंतर तर ज्यांनी शास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, त्यांच्याही तोंडी 'एका रोग्यापासून किती जणांना लागण होते' ही भाषा आली. वादाचा प्रश्न वेगळा आहे. साथ शिकविता शिकविता हे खेळ माणसाविषयी काय शिकवितात? पटावर कोणाला जागा मिळते आणि कोणाला मिळत नाही? पट आखणारा कोठे उभा राहून तो आखतो? या प्रश्नांचा विचार आपल्या बाजूने व्हावा म्हणून हे टिपण.

वाङ्मयीन नियतकालिकात खेळांची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की खेळ हीदेखील एक संहिता आहे. कथेत निवेदक असतो, खेळात नियम असतात. आणि निवेदकाप्रमाणेच नियमही तटस्थ नसतात. आपल्याकडचा मोक्षपट आठवावा. शिडी पुण्याची, साप पापाचा. जो घसरला त्याचे कर्मच तसे होते, हे मूल कवड्या टाकता टाकता शिकते. कर्मविपाकाचा सिद्धान्त इतक्या सहजपणे कोणत्याही पोथीने शिकविला नसेल. म्हणून खेळाला नुसती करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

या कसोटीवर प्रथम साथीच्या खेळांचे ऋण मान्य केले पाहिजे. 'पॅन्डेमिक' हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध पट. मॅट लीकॉक या अमेरिकन रचनाकाराचा हा खेळ २००८ मध्ये बाजारात आला. समोर जगाचा नकाशा, त्यावर ४८ शहरे, चार रंगांचे चार रोग. पत्ता उलटला की त्या शहरात रोगाचा एक ठोकळा ठेवायचा. शहरात एकाच रोगाचे तीन ठोकळे असताना चौथा ठेवण्याची वेळ आली, तर तो तेथे न ठेवता लगतच्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा जातो. याला उद्रेक म्हणतात. असे आठ उद्रेक झाले की खेळ संपला. खेळाडूंपैकी कोणी डॉक्टर असतो, कोणी शास्त्रज्ञ, कोणी संशोधक. ते एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात.

मोक्षपटाशी याची तुलना केली की फरक लख्ख दिसतो. येथे रोग कोणाच्या पापामुळे येत नाही. कोणत्या देवीचा कोप नाही, पूर्वजन्म नाही. आपल्या खेड्यापाड्यांत पटकीची साथ आली की मरीआईला गाड्यावर बसवून शिवेबाहेर नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो गाडा आपल्या शिवेपलीकडे ढकलायचा. रोग शेजाऱ्याच्या हद्दीत गेला म्हणजे आपण सुटलो, अशी ही समजूत. आणि हा गाडा ओढणारे, अंगावर आसूड ओढून घेणारे पोतराज कोणत्या वस्तीतले असत, ते या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावयास नको. 'पॅन्डेमिक'मध्येही रोग शेजारच्या शहरात जातो, परंतु तेथे तो सुटका म्हणून जात नाही. सर्वांचाच पराभव एक पाऊल जवळ आणतो. शेजाऱ्याचे मरण हे माझेही मरण आहे, एवढे साधे सत्य हा पुठ्ठ्याचा पट शिकवितो. शिवेबाहेर ढकलण्याच्या संस्कृतीत वाढलेल्या मनाला हे शिक्षण लहान नव्हे.

आणखी एक नियम मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. खेळात मधून मधून 'महासाथी'चा पत्ता निघतो. तो निघाला की ज्या शहरांवर आधीच रोग पडलेला आहे, त्यांचे टाकून दिलेले पत्ते पिसायचे आणि गठ्ठ्याच्या वर ठेवायचे. म्हणजे पुढचा घाव पुन्हा त्याच शहरांवर. नव्या ठिकाणी नाही. जेथे एकदा पडला तेथेच पुन्हा. खेळ रंगावा म्हणून केलेला हा नियम आपल्या इतिहासाचेच सार आहे. मात्र येथेच खेळाची मर्यादाही सुरू होते. तीच ठिकाणे पुन्हा पुन्हा का जळतात, हे खेळाला ठाऊक नाही. तो ते पत्त्यांवर सोडतो. आपल्या वस्त्यांत देवी, पटकी, क्षय पुन्हा पुन्हा येत राहिले ते कोणी पत्ते पिसले म्हणून नव्हे. पाणवठा नाकारला गेला, जागा नाकारली गेली, दवाखान्याची पायरी नाकारली गेली, म्हणून ते आले. खेळ ज्याला योगायोग म्हणतो त्याला आपण व्यवस्था म्हणतो.

एका वसतिगृहातील मुलांबरोबर मी हा पट खेळलो. पटावर दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मुंबई ही आपली चारही शहरे आहेत. मुंबईवर तिसरा ठोकळा पडला तेव्हा घाटकोपरच्या डोंगरउतारावर वाढलेला एक मुलगा म्हणाला, "सर, मुंबईला एकच ठिपका कसा? आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच वेळी येतो का आजार?" खेळाच्या नियमपुस्तकात याचे उत्तर नाही. वास्तवात आहे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहरातील तीन विभागांत लोकांच्या रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोरोनाची लागण होऊन गेल्याचे आढळले. त्याच विभागांत झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. शहर एक, महिना एक, विषाणू एक. दाटीवाटी आणि सामाईक शौचालये ही संभाव्य कारणे म्हणून तेव्हाच पुढे आली. झोपडपट्टी आणि जात या एकच गोष्टी नव्हेत, हे मलाही मान्य आहे. परंतु गावकुसाबाहेरून निघालेली वाट शहरात कोठे जाऊन थांबली, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला दिसते. पटावर मुंबईचा एक ठिपका काढणे म्हणजे ५७ आणि १६ यांची सरासरी काढून दोन्ही माणसे पुसून टाकणे होय.

ही पुसण्याची क्रिया एकट्या 'पॅन्डेमिक'ची नाही. ती ज्या शास्त्रातून आली त्या शास्त्राच्या पायाशीच ती आहे. आणि त्या पायाखाली मुंबईचे मृत आहेत.

१९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅक्केन्ड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी साथीच्या गणिताचा निबंध प्रसिद्ध केला. मॅक्केन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून आलेले डॉक्टर. हिंदुस्थानात कसौलीला त्यांनी काम केले होते. समाजाचे तीन भाग करायचे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे झाले वा मेले ते. एका भागातून दुसऱ्या भागात माणसे कोणत्या वेगाने जातात, याचे समीकरण मांडायचे. पुढच्या काळातील साथीच्या गणिताचा आणि असंख्य खेळांचा हा सांगाडा. आपले समीकरण वास्तवाशी जुळते हे दाखविण्यासाठी त्यांनी कोणते आकडे घेतले? डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू. प्लेग हा मुळात उंदरांतील साथीचा माणसांत पडलेला पडसाद आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. तरीही वक्ररेषा आकड्यांच्या जवळून गेली आणि समीकरण मान्यता पावले.

या समीकरणाचे एक गृहीत आहे: समाजातला कोणताही माणूस इतर कोणत्याही माणसाच्या संपर्कात सारख्याच शक्यतेने येतो. याला सारखी सरमिसळ म्हणता येईल. आता त्याच वर्षाकडे पाहा. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य माणसे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करून घेतले. एकीकडे गणित सांगते की माणसे सारखी मिसळतात. दुसरीकडे माणसांना एका पाण्यापाशी मिसळण्यासाठी सत्याग्रह करावा लागतो. मी कर्मॅक-मॅक्केन्ड्रिक यांना दोष देत नाही. समीकरणाला सुरुवात कोठून तरी करावी लागते, आणि नंतरच्या शास्त्रज्ञांनी वयाचे, घरांचे, संपर्कजाळ्यांचे भेद गणितात आणलेही. परंतु खेळांत आणि शाळेच्या फळ्यावर मात्र ते आद्य गृहीत अजून ठाण मांडून बसले आहे. ज्या देशात जात म्हणजेच सरमिसळीला बंदी, त्या देशात हे गृहीत न तपासता शिकविणे हे अर्धे शिक्षण आहे.

पटावरचे खेळ डॉक्टराच्या जागी उभे राहून लिहिलेले आहेत. काही खेळ जंतूच्या जागी उभे राहतात. २०१२ चा 'प्लेग इंक' हा फोनवरचा खेळ असाच आहे. येथे खेळाडूच जंतू होतो आणि मानवजात संपविणे हे त्याचे ध्येय असते. हा प्रकार विकृत वाटेल. तरी अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्याच्या निर्मात्याला, जेम्स व्हॉन यांना, २०१३ मध्ये बोलावून घेऊन भाषण करावयास लावले, कारण मुले त्यातून रोगप्रसाराची कल्पना घेत होती. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील साथीची बातमी पसरताच याच निर्मात्यांना सांगावे लागले की हा खेळ आहे, शास्त्रीय प्रतिमान नव्हे. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. या खेळात श्रीमंत आणि गरीब देश असा भेद आहे. श्रीमंत देशांत शिरण्यासाठी जंतूला औषधांना न जुमानण्याची शक्ती कमवावी लागते. म्हणजे दारिद्र्य पटावर आले आहे, पण जंतूची सोय म्हणून आले आहे. गरीब माणूस येथे आहे तो केवळ लवकर मरणारा म्हणून. त्याला हालचाल नाही, प्रश्न नाही, आवाज नाही. प्रस्थापित कादंबरीतला महारवाडा असाच असे: कथेच्या सोयीपुरता जळणारा.

येथे दलित समीक्षेचा जुनाच भेद उपयोगी पडतो: सहानुभूतीचे लेखन आणि स्वानुभवाचे लेखन. 'पॅन्डेमिक' हा सहानुभूतीचा खेळ आहे. वरून पाहणारा, प्रामाणिक, कनवाळू. स्वानुभवाच्या जवळ गेलेला खेळ मला एकच आढळतो, आणि तो कोणी योजून केलेला नव्हता. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकावरील खेळात एका राक्षसाच्या शापाने होणारा रक्तदोष त्याच्या गुहेपुरता ठेवलेला होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर आला आणि शहरांत पसरला. वरच्या पायरीवरचे खेळाडू तग धरून राहिले. खालच्या पायरीवरचे पाहता पाहता मेले. कोणी पळाले आणि पळता पळता रोग घेऊन गेले. कोणी जागेवर थांबून दुसऱ्यांना बरे करू लागले. कोणी मुद्दाम पसरविला. शेवटी खेळ चालविणाऱ्या कंपनीने यंत्रणा पूर्ववत करून साथ मिटविली. २००७ मध्ये लॉफग्रेन आणि फेफरमन यांनी या घटनेवर 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात लिहिले. त्यांचे म्हणणे असे की समीकरणांना जे सापडत नाही ते माणसाचे वागणे अशा ठिकाणी पाहावयास मिळू शकते. वागणे दिसले याचे कारण साधे आहे: येथे खेळाडू पटाच्या वर बसलेला नव्हता, तो पटावर होता. आपल्याला मात्र यंत्रणा पूर्ववत करणारी कोणतीही कंपनी नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. साथीचे सर्व खेळ स्पर्शाची भीती शिकवितात. संपर्क म्हणजे धोका, अंतर म्हणजे सुरक्षितता. इतर देशांत हे वाक्य निर्दोष असेल. आपल्या देशात अंतर हा शब्द निर्दोष नाही. सोवळेओवळे हे पूर्वजांचे साथरोगशास्त्रच होते, असे २०२० मध्ये शिकलेसवरलेले लोक उघडपणे बोलू लागले. खेळातून शिकलेल्या मुलाला या बोलण्यातील खोट ओळखता आली पाहिजे, नाही तर तो खेळ व्यर्थ आहे. खोट ओळखणे कठीण नाही. विलगीकरण रोग पाहून होते, अस्पृश्यता जन्म पाहून. विलगीकरणाला मुदत असते. क्वारंटाइन हा शब्दच मुळी इटलीतील चाळीस दिवसांच्या मुदतीवरून आला. अस्पृश्यतेला मुदत नाही. विलग केलेल्या माणसाला अन्नपाणी आणि औषध पोचविणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. अस्पृश्य माणसाचे पाणीच तोडले जाते. आणि 'शुद्ध' करण्यासाठी ज्यांनी पिण्याच्या तळ्यात शेण आणि गोमूत्र टाकले, त्यांच्या शुद्धीचा जंतूंशी काय संबंध होता, हे शाळेतला मुलगाही सांगू शकेल.

स्पर्शाची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. 'पॅन्डेमिक'मधला डॉक्टर शहरात येतो आणि ठोकळे उचलून डब्यात टाकतो. रोगी उचलणारे हात मात्र पटावर नाहीत. मैला उचलणारे, प्रेत उचलणारे, वॉर्ड झाडणारे हातही नाहीत. ज्यांच्यावाचून कोणतीही साथ आटोक्यात आली नाही, त्यांना एकाही पत्त्यावर चेहरा नाही.

तर मग साथीचे खेळ टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. पट आपल्या हाती घ्यावा. साथरोगशास्त्राच्या परंपरेतच त्याला आधार आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीचे थैमान चालू असताना जॉन स्नो यांनी बोट पाण्याच्या पंपावर ठेवले आणि मेलेल्यांची घरे पुढे नकाशावर मांडली. हा नकाशा आज साथशोधाच्या शिक्षणातला पहिला पाठ आहे. त्यातील एक तपशील मला मोलाचा वाटतो. पंपाच्या परिसरातच गरिबांचे एक कामगृह होते; त्यात ५३५ माणसे राहत आणि त्यांतील केवळ पाच पटकीने दगावली. कारण कामगृहाला स्वतःची विहीर होती. गरिबांची घाण, गरिबांची नीती, गरिबांचे दैव ही सर्व स्पष्टीकरणे त्या एका विहिरीने निकालात काढली. पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रानेही तेच दिले जे महाडने दिले.

दुसरा आधार त्याहून सोपा आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात लोवेल रीड आणि वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे प्राध्यापक रंगीत गोट्यांनी वर्गात साथ दाखवीत. आपल्याला गोट्याही नकोत. हरभरे म्हणजे निरोगी, चिंचोके म्हणजे रोगी, शेंगदाणे म्हणजे बरे झालेले. परातीत मिसळावेत, ओळीत लावावेत. चिंचोक्याला लागून आलेला हरभरा पुढच्या फेरीत चिंचोका होतो आणि आधीचा चिंचोका शेंगदाणा. दहा फेऱ्यांत मुले साथीचा चढ आणि उतार डोळ्यांनी पाहतात. एवढ्यावर थांबू नये. मग दोन पराती घ्याव्यात: एक मोठी, दाणे विरळ, एक लहान, दाणे गच्च. समजा मोठ्या परातीत ८०० माणसे आहेत आणि तेथे दहा रोग्यांमागे आठ नवे होतात. लहान परातीत २०० माणसे आहेत आणि तेथे एकाचे तीन होतात. सगळ्यांची सरासरी काढली तर एका रोग्यामागे जवळजवळ सव्वा येते. या सव्वाच्या जगात कोणीच राहत नाही. मोठ्या परातीतली साथ आपोआप विझते. लहान परातीत एकाचे तीन, तिनांचे नऊ, नवांचे सत्तावीस होत जातात. आणि रोज सकाळी लहान परातीतले काही दाणे मोठ्या परातीत न्यावेत आणि संध्याकाळी परत आणावेत: धुणीभांडी करणारी बाई, झाडूवाला, गटार उपसणारा. रोग दोन्ही दिशांनी जातो, दोष मात्र एकाच दिशेने दिला जातो, हे मुलांना सांगावे लागणार नाही. ती स्वतःच मोजतील.

नंतर एकच प्रश्न फळ्यावर लिहावा: दोन पराती कोणी केल्या? साथरोगशास्त्राचे शिक्षण तेथून पुढे सुरू व्हावे, अशी माझी मागणी आहे. ती शास्त्राला सोडून नाही. कोण, कोठे, केव्हा, हे प्रश्न साथीचा प्रत्येक शोधक विचारतो. आपण त्यांच्या जोडीला 'का तेथेच' एवढेच विचारीत आहोत. आपल्या वस्तीतल्या शिक्षकांनी, परिचारिकांनी, वसतिगृहांतील कार्यकर्त्यांनी हे दाण्यांचे खेळ करून पाहावेत, त्यांचे नियम बदलावेत, आणि काय दिसले ते लिहावे. दुसऱ्यांनी आखलेल्या पटावर आपण पुष्कळ काळ ठोकळे म्हणून राहिलो. नियम लिहिण्याचे काम आता आपले आहे.